मूळव्याधीचं मूळ कसं शोधावं?

शौचाला रक्ताचे थेंब दिसले की बरेच जण कुणाला न सांगता मेडिकलमधून मलम आणतात. मलमानं आग कमी होते, कारण मात्र तसंच राहतं. ते असं शोधा.

आधी डॉक्टरांना दाखवा. न दुखता लालभडक रक्त पडणं हे मूळव्याधीचं नेहमीचं लक्षण, आणि कापल्यासारखं दुखत असेल तर बहुधा फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर. पण आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडतं, म्हणून घरच्या घरी निदान करू नका. यात लाजण्यासारखं काही नाही.

मग आठवडाभर घड्याळ लावून पाहा, संडासात किती वेळ जातो? गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. कुंथल्यानं आणि कमोडवर ताटकळत बसल्यानं त्यांत रक्त साठतं, त्या फुगतात आणि हळूहळू खाली सरकतात; हीच मूळव्याध. माझ्या मते सगळ्यात आधी मोबाइल बाहेर ठेवावा. पाच-दहा मिनिटांत झालं नाही तर उठा, पुन्हा कळ आली की जा. आलेली कळ मात्र दाबू नका. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, कमी कुंथावं लागतं.

शौचाला खडा होत असेल तर ताटात काय असतं ते बघा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम तंतू (फायबर) लागतात. ब्रेड, बिस्किटं, मैद्याची खारी यांतून ते मिळत नाहीत; ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, सालासकट पेरू यांतून मिळतात. एकदम वाढवलंत तर पोट फुगेल, म्हणून हळूहळू वाढवा आणि पाणीही वाढवा. इसबगोल घेतलात तर पेलाभर पाण्यासोबतच घ्या. तिखटानं आग वाढू शकते, पण नुसत्या मिरचीनं मूळव्याध होत नाही.

चालू गोळ्याही तपासा. लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि काही वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. मनानं बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा.

जुना खोकला, रोजची ओझी उचलणं, वाढलेलं वजन यांनीही पोटातला दाब वाढतो. सतत जुलाब होणाऱ्यांनाही हा त्रास होतो. गरोदरपणात तर गर्भाशयाचा दाब, संप्रेरकांमुळे मंदावलेलं आतडं आणि लोहाच्या गोळ्या असं सगळं एकत्र येतं. तेव्हा तपासणीच्या वेळी बाईनं सोनोग्राफीइतक्याच मोकळेपणानं हेही सांगावं. बाळंतपणानंतर बहुतेकींचा त्रास ओसरतो, पण तोवर सोसत बसायची गरज नाही.