डिपॉझिट भरण्याआधी: आईवडिलांच्या मोठ्या आजारपणात पैसा कुठून उभा करायचा

आईवडिलांचा मोठा आजार कळला की घरात आधी जमीन विकायचीच भाषा सुरू होते. आमच्याकडेही झाली. आम्ही लातूर जिल्ह्यातले. अण्णांना गालाचा कॅन्सर निघाला आणि त्यांच्या उपचाराचं सगळं मी बघितलं. त्यावरून सांगते: जमीन, दागिने, सावकार हे सगळ्यात शेवटी. आधी कागद गोळा करा आणि दवाखान्यात डिपॉझिट भरण्याआधी एक प्रश्न विचारा, 'इथे जनआरोग्य योजना लागू आहे का, आणि या आजाराला आहे का?'

आधी विचारायचं कारण असं, की सरकारी योजनांचा पैसा आपल्या हातात येत नाही, तो दवाखान्याकडे जातो आणि त्याची मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. रोख भरून उपचार झाले, घरी आलो, मग अर्ज केला, तर बहुतेक दारं बंद झालेली असतात.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. पूर्वी पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती असलेली ही योजना आता पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आहे. योजनेच्या यादीतल्या प्रत्येक दवाखान्यात 'आरोग्यमित्र', म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, बसतो. डॉक्टरच्या खोलीबाहेर रांग लावण्याआधी त्याला गाठा. दवाखाना यादीत आहे का, हे घरूनच 155388 वर फोन करून विचारता येतं. वडील किंवा आई 70 च्या पुढे असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर 2024 पासून ते मिळतं, त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारवर निघतं. कुटुंबाचं आयुष्मान कार्ड असलं तरी घरातल्या या वयाच्या सगळ्यांना मिळून वेगळे 5 लाख मिळतात.

माणसं अडतात ती नावावर. आधारवर ज्ञानोबा, रेशनकार्डावर ज्ञानेश्वर. किंवा म्हाताऱ्यांचं नाव थोरल्याच्या कार्डात आणि सांभाळ धाकट्याकडे. आजार नसतानाच ही दुरुस्ती करून ठेवावी, असं मी गावात भेटेल त्याला सांगते. त्याच वेळी सेतू केंद्रातून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा आणि त्याच्या भरपूर झेरॉक्स ठेवा. पुढे प्रत्येक टेबलावर तो मागतात.

दवाखाना योजनेत नसला, किंवा त्या आजाराचा उपचार योजनेत बसत नसला, तरी दोन वाटा राहतात. एक, धर्मादाय दवाखाने. ट्रस्टच्या नावावर चालणारी बरीच मोठी रुग्णालयं यात येतात आणि बाहेरून ती चकाचक खासगीच वाटतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेप्रमाणे त्यांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बिलाच्या 2 टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत बाजूला काढावी लागते. म्हणजे तिथे सवलत मागताना आपण कुणापुढे पदर पसरत नाही. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, दाखला आणि रेशनकार्ड दाखवा, अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी 'खाट शिल्लक नाही' म्हणाले, तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.

दुसरी वाट मुख्यमंत्री सहायता निधीची. त्याचा कक्ष आता जिल्हाधिकारी कार्यालयातही आहे, त्यामुळे मंत्रालयापर्यंत जावं लागत नाही. दवाखान्याचं सहीशिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट, आधार, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला, एवढे कागद लागतात. मदत थेट दवाखान्याच्या खात्यात जमा होते, म्हणून पेशंट भरती असतानाच अर्ज करा. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीलाही अर्ज करता येतो, त्याला खासदारांचं शिफारसपत्र जोडावं. सिद्धिविनायक मंदिर न्यासही रुग्णांना मदत करतो. एकाच निधीच्या आशेवर बसू नका. थोड्या-थोड्या रकमा जोडूनच बिल भागतं.

मोठ्या बिलाची सगळ्यांना धास्ती असते, पण घर पोखरतं ते रोजच्या खर्चानं. मुंबईत परळला टाटा रुग्णालयात नेणार असाल, तर राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा, पेशंटचे कागद बरोबर ठेवा. टाटात वैद्यकीय समाजसेवा विभाग आहे. पैशाची अडचण तिथे स्पष्ट सांगा, लाजू नका. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट मोफत असतं, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र दवाखान्यातून भरून घ्या. एसटीत 75 वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे. डॉक्टरांना कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहून द्यायची विनंती करा आणि जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात, विचारा. रोजच्या गोळ्यांत फार फरक पडतो.

आणि सांभाळणाऱ्याचं काय? बंद पडलेली मजुरी कोणताच निधी भरून देत नाही, हे मला फार लागतं. नोकरी असेल, तर तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांच्या आजारासाठी पीएफमधून रक्कम उचलता येते आणि ती परत भरावी लागत नाही. खासगी कर्जाआधी हा पर्याय बघा. जुन्या करप्रणालीत रिटर्न भरत असाल आणि साठीपुढच्या आईवडिलांचा विमा नसेल, तर त्यांच्या उपचाराच्या 50 हजारांपर्यंतच्या खर्चावर वजावट मिळते. मात्र ते पैसे रोख दिलेले चालत नाहीत. म्हणून मेडिकलचं बिलही यूपीआयने किंवा कार्डाने द्या. घरात अगदीच तंगी असेल आणि पेशंटचं वय 65 च्या आत असेल, तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करा. त्यात कॅन्सर आणि पक्षाघाताचे रुग्ण बसतात.

भावंडांत कामं वाटून घ्या: एकानं पेशंटजवळ थांबायचं, दुसऱ्यानं फक्त कागदांमागे लागायचं. दोन्ही एकाच्याच गळ्यात पडलं तर अर्ज हमखास राहून जातात. दूरच्या नातेवाइकांना 'काही लागलं तर सांगा' म्हणायची सवय असते. त्यांना नेमकं सांगा: या महिन्याची औषधं तुमच्याकडे. आमच्या मामांनी ती अशीच उचलली.