झुडपाचं सोंग घेऊन करकोचे फसत नाहीत: लपून फोटो काढणाऱ्यांनो, या चुका टाळा

परदेशातल्या धनुष्यबाणाच्या शिकारीचे व्हिडिओ बघायचे, त्यातला सगळा सरंजाम मागवायचा आणि रविवारी पहाटे जांबोटीचं रान नाहीतर हिडकलचं धरण गाठायचं, हे खूळ बेळगावात आता चांगलंच मुरलंय. आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे, हत्यार बंदूक असो की बाण. म्हणून पक्ष्यांच्या फोटोंसाठी हातात कॅमेरा असतो, पण अंगावरचा माल मात्र हरणाच्या शिकाऱ्याचा.

घोळ इथेच होतो. हरणाचं नाक तिखट आणि त्याला लाल-केशरी रंग नीट ओळखू येत नाही. तिकडचे शिकारी एकमेकांच्या गोळीपासून वाचायला भडक केशरी जाकीट घालतात आणि तरी हरणाजवळ जाऊ शकतात, ते त्यामुळेच. पक्ष्यांचं उलटं. त्यांना रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात, बऱ्याच जातींना तर अतिनील प्रकाशही दिसतो. हरणासाठी बनवलेली वस्तू पक्ष्यापुढे निम्मी निकामी, आणि काही वस्तू तर चक्क अंगाशी येणाऱ्या.

हिरवा झगा, तपकिरी माळ

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते पानापानांच्या घिली सूटवर. धूपदाळच्या पाणवठ्यावर हिवाळ्यात कांड्या करकोचे उतरतात, तिथला एक किस्सा पुरेसा आहे. एक उत्साही पोरगा असा हिरवागार सूट चढवून शाळूच्या कापलेल्या रानातून कोपरांवर सरकत निघाला. भोवती काळी भेगाळलेली जमीन, वीतभर वाळलेली धाटं आणि त्यात एकच हिरवं झुडूप, तेही चालणारं. करकोच्यांनी आधी चरणं थांबवलं, मग एकेक मान वर आली. हा इशारा ओळखून तिथंच निपचित पडायला हवं होतं. यानं काय केलं, तर कार्ड बदलायला मांडीवरच्या खिशाचं वेल्क्रो उघडलं. चर्रर्र! सगळा थवा उठला.

खरी गंमत पुढे आहे. थवा लांब जाऊन पुन्हा बसला आणि त्याच्या बाजूनं एक धनगर मेंढरं घेऊन आरामात निघून गेला. डोक्यावर लाल पटका, खांद्यावर घोंगडं, तोंडानं हाका चालूच. एकही करकोचा उडाला नाही. त्यांनी मेंढपाळ रोज पाहिलेला असतो. सरपटणारं झुडूप कोण रोज बघतंय?

आपल्या जिल्ह्यात कपड्यावरची एकच नक्षी सगळीकडे चालत नाही. कणकुंबी-जांबोटीकडे सदाहरित झाडी, गर्द सावली आणि तांबडी जांभ्याची माती. गोकाक-अथणीकडे काळी जमीन आणि उघडा माळ. हिरवी नक्षी पश्चिमेला पावसाळ्यात जमते, पूर्वेला जानेवारीत ती बावळट दिसते. एकाच कापडाचे पैसे असतील तर मळकट तपकिरी घ्या. त्याहून बरं म्हणजे जुनं काळपट घोंगडं. लोकरीला चकाकी नाही, आवाज नाही, बसल्यावर खांद्यांचा ठरलेला आकार मोडतो आणि पहाटेची थंडीही भागते. पण घोंगड्याला ऑनलाइन रिव्ह्यू नसतो म्हणून पोरांना पटत नाही.

आणि कापड कितीही चांगलं असलं तरी बांधाच्या माथ्यावर बसलात की मागे आभाळ येतं आणि तुमची काळी आकृती मैलभरावरून कळते. बांधाच्या पोटाला बसा.

आवाज

याबद्दल मी जरा कडकच बोलतो, कारण हे फुकटात दुरुस्त होतं आणि तरी कोणी करत नाही. नवीन जाकीट आणलं की आधी ब्लेड घ्या आणि सगळं वेल्क्रो उसवा. त्या जागी कोटाची मोठी बटणं शिवा किंवा नाडी लावा. चेनचे धातूचे लोलक काढून दोन इंची बुटाची नाडी बांधा. ट्रायपॉडच्या पायांना सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून गुंडाळा, म्हणजे दगडावर खणखण होत नाही आणि पहाटे हाताला गारही लागत नाही. पट्ट्याच्या कड्यांवर इन्सुलेशन टेप. सुटी कार्डं आणि बॅटरी खिशात नकोत, चंचीसारख्या कापडी पिशवीत गळ्यात ठेवा.

कापडाची परीक्षा दुकानातच होते. बाही कानाशी धरून एकमेकांवर घासा. सरसर आली तर तो कपडा नको, वर कितीही पानं छापलेली असोत. नायलॉनचे रेनकोट इथं हमखास नापास होतात.

कॅमेऱ्याचा बीप बंद, फोकससाठी लागणारा छोटा दिवा बंद, फोटो काढल्यावर आपोआप उजळणारा स्क्रीन बंद. मोबाइल व्हायब्रेटवर नव्हे, बंद. लेन्स टेकवायच्या बीनबॅगमध्ये थर्माकोलचे मणी भरू नका, ते लेन्सच्या वजनाखाली कुरकुरतात. जुन्या जीन्सचा पाय कापा, एक तोंड शिवा, दोन किलो जोंधळे भरा, दुसरं तोंड शिवा.

धुलाईची चूक

मळकट रंगाचे कपडे घेऊन ते ‘सफेदी’च्या पावडरीत धुणारे महाभाग आहेत. या पावडरींत कापड चमकवणारं रसायन असतं. ते अतिनील प्रकाश शोषून निळसर उजेड परत फेकतं. आपल्याला कपडा नुसता स्वच्छ वाटतो, झुंजुमुंजूच्या उजेडात पक्ष्याला मात्र तो ठळक दिसतो. नोटा तपासायची जांभळी टॉर्च आणा आणि अंधाऱ्या खोलीत कपड्यावर मारा. निळा चमकला तर तो कपडा बाजारात घालायला ठेवा. रानातले कपडे रिठ्याच्या पाण्यात किंवा नुसत्या पाण्यात धुवावेत.

लष्करी नक्षी

कॅम्पात मिळते म्हणून घेऊ नका. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव आहे, इथं त्या कापडाकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात. लष्करानं २०२२ मध्ये आणलेल्या नव्या नक्षीची बाहेर विक्रीच बेकायदा आहे. आणि सैनिक असल्याचा आव आणायला असा पोशाख घालणं हा तर सरळ गुन्हा. वर भीमगड अभयारण्याच्या हद्दीत पहाटे लष्करी कपड्यातला, पाठीवर लांब पिशवी घेतलेला माणूस दिसला की गार्डला कॅमेरा आठवत नाही, चोरटा शिकारी आठवतो. अभयारण्यात शिरायला आणि फोटोलाही वनखात्याची परवानगी लागते. कागद वरच्या खिशात, लगेच काढता येईल असा.

अंगाचा वास घालवणारा स्प्रे

पक्ष्यांसाठी याचा काडीचा उपयोग नाही. आणि खानापूरच्या रानात तो धोक्याचा आहे, हे कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. इथं अस्वल आहे, गवा आहे. अस्वलाची नजर अधू, आणि खाण्यात डोकं घातलं की त्याला आजूबाजूचं भान नसतं. वळणावर पाच पावलांवर अचानक माणूस आला की ते पळत नाही, अंगावर येतं. तुमचा वास आणि आवाज त्याला आधी पोचणं हेच तुमचं संरक्षण. स्प्रे मारून, वाऱ्याच्या विरुद्ध, मांजरपावलांनी पायवाट तुडवणं म्हणजे शिकाऱ्याची अक्कल उसनी घेऊन स्वतः सावज होणं. वाटेनं जाताना बोला, काठी आपटत चला, उजाडायच्या आत दाट झाडीत शिरू नका. गप्प बसायचं ते जागेवर पोचल्यावर.

डासांच्या मलमाचं वेगळं. त्यात डीट नावाचं रसायन असेल तर ते प्लॅस्टिक आणि रबर खातं. त्याच हातांनी कॅमेरा धरलात की काही महिन्यांत पकड चिकट होते. मलम मनगटाच्या उलट्या बाजूनं लावा, तळव्याला नको.

पालापाचोळ्यात थेट बसणं

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी पट्ट्यात माकडतापाचे रोगी सापडलेले आहेत, आणि ते रान आपल्या घाटाला लागूनच आहे. हा ताप गोचिडीतून येतो, जोर साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या फोटोंचा हंगाम. बसायच्या जागेवरचा पाला पायानं बाजूला सारा (आवाजही कमी होतो), वर तीन बाय तीन फुटाची जाड ताडपत्री टाका. नक्षीच्या पँटवर गोचीड दिसत नाही. म्हणून पँट फिकट रंगाच्या लांब मोज्यांत खोचा. आडोशात पाय झाकलेलेच असतात, पक्ष्याला मोजे दिसत नाहीत. घरी आल्यावर काख, कंबर, गुडघ्यामागची जागा तपासा. नंतर ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला कळवा.

तोंड आणि हात उघडे ठेवू नका. काळं फासायची गरज नाही, घामानं ते डोळ्यात उतरतं. मळका पंचा नाकापर्यंत पुरतो. हाताला पांढरे सुती मोजे चहाच्या चोथ्यात उकळून घ्या.

पांढरी लेन्स झाकली नाही तर बाकीचं वाचायचीही गरज नाही.

आडोसा शेडनेटचा करत असाल तर ताणून बांधा, सैल जाळी वाऱ्यावर फडफडते. तिचा निळसर हिरवा रंग आपल्या कुठल्याच झाडाला नाही, वरून गोणपाट टाका. चार बाय चार फूट, उंची पाच फूट पुरे. लेन्ससाठी भोक पाडण्यापेक्षा जुन्या पँटचा पाय बाहीसारखा शिवा, म्हणजे लेन्स हलली तरी फट पडत नाही. आत गडद कपडे घाला. आडोसा आदल्या दिवशी नव्हे, तीन-चार दिवस आधी उभा करा. घाईच्या लोकांना हे जमत नाही आणि मग ते ‘इथं पक्षीच नाहीत’ म्हणून परततात.

आत जाताना दोघं जा आणि एकानं बोलत परत निघावं. किती आत गेले, किती बाहेर आले, याचा पक्ष्यांना बहुतेक वेळा हिशोब लागत नाही. टिटवी ओरडत असेल तर ती थांबेपर्यंत लेन्स हलवू नका, तिच्या ओरडण्यावर सगळा पाणवठा सावध होतो.

घरट्याजवळ आडोसा बांधूच नका. जंगली पक्ष्याची अंडी किंवा घरटं विचलित करणं हे वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्याच व्याख्येत येतं.

बाहेर पडतानाही तोच जोडीदार न्यायला येऊ दे. मग पक्षी उडतात ते त्याला बिचकून, आडोशाला नव्हे, आणि उद्या तीच जागा पुन्हा वापरता येते. रान कुणाचं असेल त्याला आधी विचारलेलं असावं, गोणपाट तिथं ठेवायचं असलं तर तेही.