खाडीत गरवायला तंगूस कुठला घ्यावा

दुकानात बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती किलोचा तंगूस?" तंगूस म्हणजे गरीचा प्लास्टिकचा दोर, किलो म्हणजे तो पेलतो ते वजन. मीही तेच विचारायचो. वाघोटणच्या खाडीत तीस वर्षं गरवल्यावर (गरी म्हणजे गळ टाकून मासे धरल्यावर) आता मी आधी वावभर (दोन्ही हात पसरल्याएवढा) तंगूस उलगडतो आणि बोटांवर ओढून बघतो. आमचे बाबा सांगायचे, "माशाक दिसाक नको, पण बोटांक गावाक व्हयो." म्हणजे माशाला दिसू नये, पण बोटांना सापडायला हवा. एकाच तंगुसात या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत. म्हणून दोन घ्यायचे: हातातला जाड आणि गरीकडचा बारीक.

हातातल्यासाठी मी 0.70 मिलिमीटरचा साधा नायलॉनचा तंगूस वापरतो. आपल्याकडे काठी नसते, मासा बोटांनी ओढायचा असतो. बारीक तंगूस ओल्या हातात ठरत नाही आणि मासा पळाला की कातडीत रुततो. शिवाय जाड तंगूस जेटीवर पायाशी पडला तरी कमी गुंततो. नायलॉन ताणतो, हा त्याचा मोठा गुण. खजुऱ्याने (म्हणजे जिताड्याने) झटका दिला की निम्मा झटका तंगूसच पचवतो आणि गरी तोंडातून निसटत नाही.

विणलेला दोरा, ज्याला ब्रेड म्हणतात, तो जवळजवळ ताणतच नाही. काठी आणि रीळ असेल तर उत्तम, खालची बारीक टोचसुद्धा कळते. हाताने गरवणाऱ्याने मात्र बारीक ब्रेड घेऊ नये. विजयदुर्गच्या जेटीवर एका रात्री खजुरा लागला आणि माझ्या तर्जनीवर खोल चीर पडली. मासा गेला, बोट महिनाभर वाकत नव्हतं.

माझा भाचा कॅनडात असतो. तिथे गोठलेल्या तळ्याला भोक पाडून त्यावर झेंडीची चौकट ठेवतात. रीळ बर्फाखाली पाण्यात असतं, मासा लागला की झेंडी उभी राहते आणि मग दोर हातानेच ओढायचा. त्यासाठी ते जाड विणलेला दोर घेतात आणि गरीकडे पारदर्शक बारीक तुकडा बांधतात. त्याने हे दाखवलं तेव्हा मला बाबांचं वाक्य आठवलं.

आता गरीकडचा तुकडा. खरं डोकं इथे लावायचं. मी दीड वाव लांब ठेवतो, 0.45 किंवा 0.50 चा. जिवंत सुंगट (कोळंबी) लावलं असेल तर जाड तंगुसाने ते जखडतं, मोकळं पोहत नाही, आणि खजुरा तिकडे बघतही नाही. हिवाळ्यात भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) पाणी निवळतं, तेव्हा आणखी बारीक, 0.40 पर्यंत जावं. पावसाळ्यात किंवा उधाणाला खाडी गढूळ असते, तेव्हा 0.60 चालतो.

फ्लुरोकार्बन, हा दुसऱ्या जातीचा पारदर्शक तंगूस, महाग आहे, पण या दीड वावेपुरता घ्यावा. प्रकाश त्यातून जवळजवळ पाण्यासारखाच वळतो, म्हणून तो कमी दिसतो. नायलॉनपेक्षा जड असल्याने बुडतो लवकर आणि घासला तरी तग धरतो. अख्खं रीळ त्याचं भरण्यात अर्थ नाही, कडक असतो, हातात वळवळतो.

तांबोशी हा मासा मात्र वेगळा. घास घेतला की थेट खडपाच्या (खडकाच्या) बिळात किंवा कांदळाच्या (खारफुटीच्या) मुळांत शिरते. तिथे कालवांची धार असते, तंगूस लागला की संपला. तिच्यासाठी पुढचाही 0.60 च ठेवा, घास थोडे कमी येतील ते सोसा. खजुऱ्याच्या कल्ल्याची कडही पातीसारखी असते, म्हणून प्रत्येक माशानंतर शेवटचा हातभर भाग नखांत धरून तपासा. खरखरीत लागला की कापा, पुन्हा बांधा. सुरमई आणि बळ्याच्या दातांपुढे तंगूस टिकत नाही, तिथे तारच हवी.

पुढचा तुकडा हातातल्यापेक्षा कमजोर हवाच. शिसं स्विव्हलच्या (दोन तंगूस जोडणाऱ्या फिरत्या कडीच्या) वर, जाड तंगुसात ओवायचं. मग गरी खडपात अडकली तरी तुटतो तो पुढचा तुकडा, शिसं आणि दोर हाती येतात.

गाठ मारताना पाच वेढे घ्या आणि आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घासून तापते आणि तिथेच तुटते.

घेताना दुकानात उन्हात लटकलेलं रीळ घेऊ नका, ऊन नायलॉनला खातं. टोकाला साधी गाठ मारून ओढा, सहज तुटला तर शिळा माल. घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुवा आणि सावलीत ठेवा. माझी रिळं आंब्याच्या रिकाम्या पेटीत, माच्याखाली असतात. पुढचा तुकडा मी दर हंगामाला बदलतो, आणि जुना तुकडा खाडीत टाकत नाही, घरी आणतो. त्यात कासवाचा पाय अडकलेला मी पाहिला आहे.