जुनं घर बघायला निघण्याआधी

पहिलं काम घर शोधण्याचं नाही, गल्ली शोधण्याचं. शहराचा नकाशा समोर घ्या आणि जिथे भाव आधीच चढून बसलेत तो भाग सरळ खोडा. मग त्याला लागून असलेल्या, रेल्वेरुळापलीकडच्या, बंद पडलेल्या कारखान्यांच्या आसपासच्या वस्त्या राहतात. परवडणारी जुनी घरं मिळाली तर तिथेच. यातल्या दोन, फार तर तीन वस्त्या निवडा. सात-आठ वस्त्यांत एकदम शोधणारा माणूस एकही वस्ती नीट ओळखत नाही आणि शेवटी दलाल दाखवेल ते घर घेतो.

वस्ती खरंच सुधारते आहे की नुसती रंगवली जाते आहे, हे ओळखायला शिकायचं. नवा कॅफे आणि भिंतीवरची मोठमोठी चित्रं मी खुणेत धरत नाही. ती सहा महिन्यांत येतात आणि सहा महिन्यांत जातात. मी परांच्या मोजतो. एका घराला परांची लागली असेल तर त्या मालकाच्या हातात चार पैसे आले असतील, एवढंच कळतं. एकाच ओळीत पाच घरांना लागली असेल, दारात राडारोड्याच्या गोण्या असतील, सकाळी प्लंबर-सुतारांच्या गाड्या उभ्या असतील, तर लोक इथे राहायच्या बेताने पैसा घालताहेत. बांधकाम आणि दुरुस्तीचे परवाने बऱ्याच शहरांत जाहीर असतात. गेल्या दोन-तीन वर्षांत त्या गल्लीत किती निघाले ते बघून घ्या.

मेट्रो येणार, उद्यान होणार, नदीकाठ सुशोभित होणार, या बातम्यांचे तीन ढीग करा: घोषणा झालेल्या, पैसा मंजूर झालेल्या, खड्डा खणलेल्या. भाव पहिल्याच ढिगावर वाढतात, सोय मात्र तिसऱ्या ढिगाच्याही बऱ्याच वर्षांनी मिळते, आणि मधली वर्षं धुळीत काढावी लागतात. काम पुरं होईपर्यंत थांबावं म्हटलं तर तेही महागात पडतं. न्यूयॉर्कमध्ये वापरात नसलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर हाय लाइन हे उद्यान झालं, त्याचा पहिला टप्पा २००९ मध्ये उघडला, आणि भोवतालच्या गल्ल्या काही वर्षांत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या. मला विचाराल तर खड्डा खणलेला असावा आणि लोक त्याला शिव्या घालत असावेत, तेव्हा घर बघायला जावं.

या सगळ्याला १९६४ मध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनच्या कामगार वस्त्यांकडे बघून ‘जेंट्रिफिकेशन’ असा शब्द दिला. क्रम अजून तोच आहे. दुसरीकडे भाडं न परवडणारे आधी येतात, मग हौसेने दुरुस्ती करणारे, मग गुंतवणूकदार. आणि मुळात तिथे राहणारे या काळात हळूहळू बाहेर पडतात. आपण या रांगेत कितवे, हे स्वतःशी कबूल करून घ्यावं. ते नुसतं मनाच्या समाधानासाठी नाही. ‘घर रिकामं मिळेल’ असं कुणी म्हणालं की आत आज कोण राहतं, ते कुठे जाणार आणि कायदा त्यांना काय संरक्षण देतो, हे तीन प्रश्न तिथल्या तिथे विचारायचे. भाडेकरू आत असलेलं घर स्वस्त दिसतं, कारण त्याचं भांडण तुमच्या नावावर होणार असतं.

गल्लीत निदान तीनदा जा: कामाच्या दिवशी सकाळी, रात्री दहानंतर, आणि चांगला पाऊस पडून गेल्यावर. तिसरी फेरी चुकवू नका. जुन्या रहिवाशांना ‘वस्ती कशी आहे?’ असं विचारलं की ‘चांगली आहे’ एवढंच ऐकायला मिळतं. ‘गेल्या मोठ्या पावसात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं?’ असं विचारा. लोक हाताने उंची दाखवतात.

घरं बघायला लागण्याआधी पैशाचा हिशोब कागदावर मांडा. अमेरिकेत बाल्टिमोरने १९७३ पासून ओसाड घरं एका डॉलरला द्यायला सुरुवात केली. लिव्हरपूलने २०१३ मध्ये एका पौंडाला दिली. ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात, पण दोन्हीकडे अट होती की घर स्वतःच्या खर्चाने राहण्याजोगं करायचं आणि तिथे राहायचं. खरी किंमत त्या अटीत होती. तुमच्या घराचंही तसंच. म्हणून तीन रकाने पाडा: घराची किंमत, राहायला जाण्याआधी करावीच लागेल ती दुरुस्ती, आणि नोंदणी, कर, वकील वगैरे. दुसऱ्या रकान्यात छप्पर, वीज, पाणी आणि सांडपाणी एवढंच. ओटा आणि फरशी हौसेत मोडतात. दुरुस्तीचा जो आकडा येईल त्यावर वीसेक टक्के राखून ठेवा. जुनी भिंत उघडल्यावर आत काय निघेल, हे मिस्त्रीलाही ती उघडेपर्यंत ठाऊक नसतं. बँकेलाही आधीच विचारा. इमारतीच्या वयावरून काही बँका कर्ज नाकारतात, काही मुदत कमी करतात. विम्याचं तसंच, विशेषतः वायरिंग जुनं असेल तर.

आता पिशवी भरा: विजेरी, मोजायची टेप, बोथट स्क्रूड्रायव्हर, लोहचुंबक, काचेची गोटी, मोबाइलचा चार्जर आणि वही. गोटी जमिनीवर ठेवायची. ती थोडी घरंगळली तर जुन्या घरात एवढं चालतं; खोलीच्या एकाच कोपऱ्याकडे वेग घेत निघाली तर तो कोपरा खचला आहे का ते बघायचं. चार्जर प्रत्येक प्लगात लावून बघायला. स्क्रूड्रायव्हर खिडकीच्या चौकटीच्या तळाशी आणि दिसतील तिथे तुळयांच्या टोकांना हलकेच टोचायचा. चांगलं लाकूड दाद देत नाही. वाळवीने किंवा ओलीने खाल्लेल्या लाकडात तो लोण्यात गेल्यासारखा जातो. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसल्या तर टोचायचीही गरज नाही.

ओलीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. मी एका घराच्या प्रेमातच पडलो होतो: उंच छत, जुन्या रंगीत फरश्या, जिन्याला कोरीव कठडा. आतल्या खोलीत चारांपैकी एकच भिंत नव्याने रंगवलेली होती आणि तिला टेकून मोठं लाकडी कपाट. कपाट जरा पुढे सरकवता का, असं विचारल्यावर घर दाखवणाऱ्या माणसाला नेमका फोन आला. मी खाली वाकून विजेरी मारली. कपाटाच्या चारी पायांखाली लाकडी ठोकळे होते. मागचे दोन काळे पडलेले, बोट लावलं तर गार आणि ओले. भिंत रंगवून झाली होती, ठोकळे बदलायचे राहून गेले होते. तेव्हापासून रंग ताजा दिसला की मी आधी रंग कधी दिला ते विचारतो आणि मग खोलीत वास घेतो.

ओल कुठून येते त्यावर खर्च ठरतो. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत पट्टा धरते, वर पांढरे क्षार फुटतात आणि पोपडे सुटतात. छताखालचा डाग वरून येतो. भिंतीच्या मधोमध एकटाच गोल डाग असेल तर आत नळ फुटलेला असण्याची शक्यता जास्त. जुन्या चुन्याच्या भिंतीवर कुणी सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर त्याची वेगळी नोंद करा. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडतं, आणि दुरुस्ती म्हणून केलेल्या कामानेच भिंत सडत जाते. बऱ्याचदा असा गिलावा काढून पुन्हा चुन्याचा करावा लागतो, आणि चुन्यात काम करणारा गवंडी शोधण्यात काही महिने जातात.

भेगांना घाबरू नका, पण मोजा. केसासारख्या भेगा जुन्या गिलाव्यात असतातच. पाच मिलिमीटरपेक्षा रुंद, विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी तिरपी चढत गेलेली भेग आणि शेजारी अडकणारं दार, असं एकत्र दिसलं तर पाया हललेला असू शकतो. काँक्रीटच्या इमारतीत छताला तांबूस डाग आणि सुटलेले तुकडे शोधा. आतली सळई गंजते तेव्हा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. वरून गिलावा मारून हे झाकता येतं, थांबवता येत नाही.

सगळ्यात वरच्या मजल्यावरचा नळ पूर्ण उघडा आणि तो चालू असताना खालचाही उघडा. धार करंगळीएवढी झाली तर लोखंडी पाइप आतून गंजून भरलेत. उघड्या पाइपाला चुंबक लावा: चिकटलं तर लोखंड, चिकटलं नाही आणि नाण्याने हळूच खरवडल्यावर मऊ, चंदेरी धातू चमकला तर शिसं, आणि ते पाइप बदलावेच लागतील. अमेरिकेत घरांच्या रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, ब्रिटनने ॲस्बेस्टॉसचा वापर पूर्ण थांबवला १९९९ मध्ये. बाकी अनेक देशांत हे त्यानंतरही चालू राहिलं. तेव्हा जुन्या घरात दोन्ही असतील असं धरून चाला आणि तपासणीआधी कुणाला रंग कोरडा घासू देऊ नका किंवा जुना पत्रा कापू देऊ नका. विजेच्या बोर्डात चिनी मातीचे फ्यूज, अर्थिंग नसलेले दोन भोकांचे प्लग, हात लावताच तडकणारं रबरी वेष्टण, यातलं काही दिसलं तर वायरिंग नव्याने करायचं असं गृहीत धरून दुसऱ्या रकान्यात लिहून टाका. अंगणात मोठं झाड असेल तर सांडपाण्याच्या नळात कॅमेरा सोडून बघा. जुन्या मातीच्या नळांच्या सांध्यांत मुळं शिरतात.

कागदांबद्दल थोडक्यात, कारण ते वकिलाचं काम आहे आणि वकील तुमचा असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. मालकी एकाकडून दुसऱ्याकडे कशी आली ती साखळी कुठे तुटते का, गहाण आहे का, कर थकलाय का, हे तो बघेल. तुम्ही दोन गोष्टी स्वतः विचारा. सगळे वारस सही करायला तयार आहेत का? जुन्या घराला परदेशात गेलेला एक भाऊ असतोच. आणि घर जतन करायच्या वारसा वास्तूंच्या (हेरिटेज) यादीत किंवा रस्तारुंदीच्या रेषेत येतं का? वारसा यादीत असेल तर खिडकी बदलायलाही परवानगी लागू शकते. रस्तारुंदीत असेल तर ती खिडकी राहीलच असं नाही.

हे सगळं जमलं तरच इंजिनिअरला बोलवा, आणि तो तपासत असताना स्वतः हजर राहा. अहवालात ‘देखरेख आवश्यक’ असं लिहिणारा माणूस छतावर उभा राहून तोंडी बरंच जास्त सांगतो.

शेवटची रक्कम देण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा घरात जा. दारं, दिवे, फरश्या जागेवर आहेत का ते बघा, मीटरचे आकडे टिपून घ्या, आणि पाण्याची मुख्य तोटी कुठे आहे ते विचारून ती स्वतःच्या हाताने बंद करून बघा. जुन्या घरात ती बहुधा वर्षानुवर्षं फिरवलेली नसते. फिरली नाही तर जोर लावू नका. प्लंबरचा नंबर घेऊनच बाहेर पडा.