फ्रेंच चित्रांच्या गटातला समान धागा कसा शोधावा

"ही पाच चित्रं. यांच्यात समान काय?" प्रश्नमंजूषेत, कलेच्या परीक्षेत, कधी नुसत्याच गप्पांत हा प्रश्न येतो. चित्रं एकोणिसाव्या शतकातली आणि फ्रेंच असली की निम्मे लोक "इम्प्रेशनिस्ट!" (म्हणजे क्षणाचा प्रकाश आणि रोजचं जगणं मोकळ्या फटकाऱ्यांत रंगवणारे चित्रकार) म्हणून मोकळे होतात. कधी ते बरोबरही निघतं. पण प्रश्न विचारणारा जरा बेरकी असेल, तर तेवढ्यानं भागत नाही. खाली एक खराखुरा गट घेऊन शोधाची रीत सांगतो.

गट असा: एदुआर मानेचं 'बाल्कनी' (१८६८-६९), ओग्युस्त रेन्वारचं 'मुलँ द ला गालेतमधलं नृत्य' (१८७६), एद्गार देगाचं 'तारका' (सुमारे १८७६), क्लोद मोनेचं 'सँ-लाझार स्थानक' (१८७७) आणि कामीय पिसारोचं 'लाल छपरं' (१८७७). माने आणि मोने ही दोन वेगळी माणसं आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. दोन्ही आडनावं आपल्याकडचीच वाटत असली तरी त्यांची गल्लत फ्रान्समध्येही व्हायची.

१. आधी नावं झाका, नुसतं बघा

चित्राखालची पाटी न वाचता प्रत्येक चित्रासाठी दोन-तीन वाक्यं कागदावर लिहा. 'सुंदर', 'भावपूर्ण' असलं काही नको. जे दिसतं तेच.

'बाल्कनी'मध्ये झगझगीत हिरवा कठडा आहे, त्यामागे तिघं जण तीन दिशांना बघताहेत, आणि आतल्या अंधारात आणखी एक मुलगा जेमतेम दिसतो. बसलेली, हातात पंखा असलेली बाई म्हणजे स्वतः चित्रकार असलेली बर्त मोरिसो. पण हे नंतर कळलं तरी चालेल.

रेन्वारच्या चित्रात झाडांतून झिरपलेल्या उन्हाचे कवडसे सगळीकडे सांडलेत, अगदी पाठमोऱ्या माणसाच्या गडद कोटावरसुद्धा. देगाची नर्तकी रंगमंचावर झुकली आहे आणि मागे पडद्याआड काळ्या कपड्यांतला एक पुरुष उभा आहे. त्याचा चेहरा दिसत नाही. एकदा त्याच्याकडे लक्ष गेलं की चित्र पहिल्यासारखं गोड राहत नाही. मोनेकडे लोखंड-काचेचं छप्पर आणि निळसर वाफ. पिसारोकडे निष्पर्ण झाडांच्या जाळीमागे घरांची लाल छपरं.

२. सोपी उत्तरं लिहा आणि एकेक पाडा

इथे घाई करू नका, शोधाची खरी गंमत याच टप्प्यात आहे. सुचेल ते उत्तर लिहायचं आणि मग ते मोडणारं एक चित्र गटातच शोधायचं. जुळणारी चित्रं मोजण्यात अर्थ नाही. चार जुळली तरी पाचवं अडलं की उत्तर बाद.

'पॅरिसचं जीवन'? पिसारोचं चित्र पॅरिसबाहेरच्या पाँत्वाजचं आहे. 'माणसांची गर्दी'? तेही पिसारोपाशीच अडतं. 'तैलचित्रं'? देगाचं पेस्टल आहे, म्हणजे खडूसारख्या रंगकांड्यांनी काढलेलं, तेसुद्धा मोनोटाइपवर, म्हणजे शाई लावलेल्या पत्र्यावरून कागदावर घेतलेल्या छापावर चढवलेलं. '१८७०चं दशक'? मानेचं चित्र १८६९च्या सालोंमध्ये, म्हणजे सरकारी वार्षिक प्रदर्शनात, लागलं होतं.

आणि 'इम्प्रेशनिस्ट'? या मंडळींची १८७४ ते १८८६ या काळात आठ प्रदर्शनं भरली. मानेची त्यांच्याशी मैत्री होती, ऊठबस होती, पण त्यानं एकाही प्रदर्शनात चित्र दिलं नाही. त्याला सालोंमध्येच नाव काढायचं होतं. सैल अर्थानं त्याला या गटात बसवतात, पण काटेकोर उत्तर हवं असेल तर हेही पडलं.

मग उरलं काय? 'पाचही चित्रं पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत.' हे खरं आहे, पण तिथे तर हजारो कलाकृती आहेत. मात्र हे उत्तर फेकू नका, ते पुढच्या पायरीचं दार आहे.

३. पाटी खालून वर वाचा

आपण पाटीवर चित्रकाराचं नाव, शीर्षक, साल वाचतो आणि पुढे सरकतो. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: चित्र संग्रहालयाकडे आलं कसं. खरेदी, भेट, मृत्युपत्र की आणखी काही. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरही प्रत्येक चित्राच्या पानावर ही नोंद असते. फ्रेंचमध्ये 'आशा' म्हणजे खरेदी, 'दों' म्हणजे भेट आणि 'ले' म्हणजे मृत्युपत्रानं दिलेलं. एवढे तीन शब्द आले की काम भागतं.

आपल्या पाचही चित्रांखाली एकच ओळ सापडते: ग्युस्ताव कायबॉत यांच्या मृत्युपत्राने, १८९४. धागा चौकटीच्या आत नव्हताच!

४. धागा कितपत पक्का, ते पाहा

नुसतं नाव सापडून थांबू नका. हा कायबॉत कोण? जन्म १८४८, घरचा गडगंज, स्वतः चांगला चित्रकार. मित्रांची चित्रं कुणी घेत नव्हतं तेव्हा तो घेत होता. मोनेला सँ-लाझार स्थानक रंगवायचं होतं तेव्हा जवळच्या र्‍यू माँसेवर त्याला खोली घेऊन दिली ती यानंच. म्हणजे गटातल्या एका चित्राचं भाडंसुद्धा यानं भरलं. 'बाल्कनी' त्यानं १८८४मध्ये, मानेच्या निधनानंतर झालेल्या लिलावात घेतलं.

धाकटा भाऊ गेल्यावर १८७६मध्येच, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यानं मृत्युपत्र केलं. आपल्या संग्रहातली चित्रं सरकारला द्यायची, पण ती माळ्यावर किंवा कुठल्या आडगावच्या संग्रहालयात जाता कामा नयेत, आधी पॅरिसचंच लक्झेंबर्ग संग्रहालय आणि मग लूव्हर, अशी अट घातली. १८९४मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्र अमलात आणायची जबाबदारी रेन्वारवर आली. सरकारमान्य कला अकादमीवाल्यांनी आरडाओरडा केला, सरकारनं घासाघीस केली आणि सत्तरच्या आत-बाहेर असलेल्या चित्रांपैकी सुमारे चाळीस स्वीकारली. देगाची मात्र सातही घेतली.

आणखी एक पुरावा हवा असेल तर कायबॉतनं १८७९-८०च्या सुमारास केलेलं स्वतःचं व्यक्तिचित्र बघा. इझलपुढच्या, म्हणजे चित्र ठेवायच्या घोडीपुढच्या, त्याच्या मागे भिंतीवर रेन्वारचं तेच नृत्याचं चित्र टांगलेलं आहे, आरशातलं असल्यामुळे उलटं.

५. उलट तपासणी करा

धागा खरा असेल तर त्यानं नको ती चित्रं बाहेरही ठेवली पाहिजेत. मानेचं 'ऑलिंपिया' घ्या. तोच चित्रकार, तेच संग्रहालय. पण ते १८९०मध्ये मोनेनं वर्गणी गोळा करून सरकारला दिलं, म्हणून आपल्या गटात नाही.

कायबॉतचं स्वतःचं 'फरशी तासणारे' (१८७५) त्याहून फसवं आहे. साल १८९४, नाव कायबॉत, मध्यस्थ रेन्वार, सगळं जुळतं. नीट वाचलं तर कळतं की ही वारसांनी दिलेली भेट आहे, मृत्युपत्रातली नव्हे. मृत्युपत्रात त्यानं मित्रांची चित्रं दिली, स्वतःची नाही.

ही सवय इतरत्रही उपयोगी पडते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात युरोपीय चित्रांच्या दालनात गेलात तर तिथेही शेवटची ओळ वाचा. सर रतन आणि सर दोराबजी या टाटा बंधूंची नावं भेटत राहतील.

पाटीनं हात टेकले तर

मग दोन जागा तपासा. एक म्हणजे मॉडेल, चित्रकारापुढे बसणारी व्यक्ती. मानेचं 'गवतावरचं भोजन', 'ऑलिंपिया' आणि 'रेल्वे' या तिन्हींत चेहरा एकाच बाईचा आहे, व्हिक्तोरीन म्योराँचा. तिघींचे डोळे आणि जबडा शेजारी ठेवून बघा, लगेच पटेल.

दुसरी म्हणजे नकाशा. सरावासाठी हा गट घ्या: मानेचं 'रेल्वे' (१८७३), कायबॉतचं 'युरोप पूल' (१८७६) आणि मोनेचं 'सँ-लाझार स्थानक'. पहिलं वॉशिंग्टनला, दुसरं जिनिव्हाला, तिसरं पॅरिसला, त्यामुळे मालकीची ओळ इथे काही सांगणार नाही. पॅरिसचा नकाशा उघडून स्थानकाच्या मागचा पूल शोधा, आणि मग 'रेल्वे'मध्ये गजांपलीकडे, वाफेच्या उजव्या बाजूला त्याच पुलाचा तुकडा दिसतो का ते पाहा. डाव्या बाजूला गजांमागे एक दारही दिसेल, ते मानेच्या स्वतःच्या स्टुडिओचं.