झीलकऱ्याला माईक द्या

दिवाळीनंतर आमच्या वडगावातल्या हॉलात तीन कार्यक्रम ठरलेत. एक सोंगी भजन, म्हणजे सोंगं घेऊन केलेलं भजन, एक यल्लम्माच्या जोगतिणींच्या चौंडक्यावरच्या (कातड्याचं, तार छेडायचं वाद्य) गाण्यांचा आणि एक गोव्याहून येणाऱ्या गिटारवाल्याच्या ब्ल्यूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांचा. माझं इलेक्ट्रिकचं दुकान, त्यामुळे साउंड माझ्याच गळ्यात. खानापूरकडच्या दोन मंडळांनी "आम्हालाबी करायचं हाय, कसं करायचं सांगा की" म्हणून फोन केले. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा लिहूनच टाकतो.

आधी तारीख. कार्तिकी एकादशी झाल्याशिवाय भजनी मंडळ मोकळं सापडत नाही आणि मार्गशीर्ष पुनवेला जोगतिणी यल्लम्माच्या सौंदत्तीच्या डोंगरावर असतात. माघ पुनवेलाही तेच. त्यामुळे मधल्या महिन्याभरातच काय ते बसवायचं. वेळ संध्याकाळी 6 ची ठेवा. सोंगी भजन गावात पहाटेपर्यंत चालतं, पण रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. बंद हॉलात आतल्यापुरता आवाज चालतो म्हणतात, पण आमच्या हॉलाला वर पत्रा आणि बाजूला जाळी. बंद कसला! पोलीस ठाण्यात माईकच्या परवानगीचा अर्ज आठवडाभर आधी द्या. पोस्टर मराठी आणि कन्नड दोन्हींत छापा, कारण चौंडक्यावर गाणाऱ्या आमच्या जोगतीण अक्कांची गाणीही दोन्हींत असतात.

आता मुद्द्याचं. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा चौंडक्याचा कार्यक्रम ठेवला तेव्हा मी शहाणपणा केला. मुख्य गाणाऱ्या अक्कांना चांगला माईक दिला, चौंडक्याला एक दिला आणि मागच्या दोघी झीलकरणींना, म्हणजे मुख्य ओळीला मागून ओ देत गाणाऱ्यांना, काहीच नाही. मागं उभं राहून ओढायचं तर असतं, म्हटलं. अर्ध्या तासानं पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या काकू उठून माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "अरे, हिला कोण ओ देत नाही काय?" रेकॉर्डिंग घरी जाऊन ऐकलं. एक ओळ भरलेली, पुढची पोकळ, परत एक भरलेली. निम्मं गाणंच मी हॉलच्या मागच्या भिंतीत घातलं होतं.

तेव्हापासून माझी रीत अशी. झीलकऱ्यांना दोघांत एक माईक, तोंडापासून वीतभर आणि आवाज मुख्य गाणाऱ्याच्या बरोबरीनं. त्यांना मुख्य गाणाऱ्यापासून हातभर अंतरावरच उभं करा. त्यांचं लक्ष गाणाऱ्याच्या तोंडाकडे असतं. लांब ठेवलं की अर्धी मात्रा मागं पडतात. चौंडक्याचा माईक कातड्याच्या समोर धरू नका, नुसता घूं घूं करतो. बाजूनं, तार छेडणारा हात दिसेल असा लावा आणि बेस उतरवा. पावसाळी हवा असेल तर कातडं ढिलं पडतं. हलगी जाळावर शेकतात तसं हॉलात करता येत नाही, म्हणून वाद्यं आल्याआल्या बाहेर उन्हात ठेवायला सांगा.

ब्ल्यूजलाही हीच चूक होते. तिथं गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावतो. साधारण बारा मात्रांच्या नव्हे, चार-चार मात्रांच्या बारा आवर्तनांच्या चौकटीत. प्रत्येक ओळ अर्ध्या जागेत संपते आणि उरलेल्या जागेत गिटार ओ देते. म्हणजे झीलकरी ती गिटारच. साउंडवाला सवयीनं गिटार आवाजाच्या खाली दाबतो, तसं करू नका. डब्ल्यू. सी. हँडी या अमेरिकन संगीतकारानं 1903 च्या सुमारास मिसिसिपीतल्या एका रेल्वे स्टेशनवर एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवताना ऐकला होता. आज सुरीऐवजी बोटात काचेची किंवा धातूची नळी घालतात. ती तारेवरून सरकताना जी मींड येते ती ऐकू आली पाहिजे, त्यासाठी एको बंद.

शेवटच्या दिवशी अक्का आणि गिटारवाले एक गाणं एकत्र करणार आहेत. अशा वेळी सूर कुणी बदलायचा यावर वाद घालत बसू नका. अक्कांचा सूर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. तो खाली ओढला की गळा बसतो. गिटारवाल्यानं गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून जी सूर धरला की काळी चारच होते. दहा सेकंदांचं काम.

जोगतिणींचा जग (डोक्यावरून न्यायची देवीची टोपली) ठेवायला स्टेजवर स्वच्छ पाट ठेवा आणि त्या बाजूला कुणाला चपला घालून फिरू देऊ नका. खण-नारळ तयार ठेवा, ओटी भरायला मंडळातली एखादी बाई आधीच ठरवा. बिदागी पाकिटात, कार्यक्रमाआधी. नंतर हिशेब करू म्हणणाऱ्या खजिनदाराला त्या दिवशी चहाच्या कामाला लावा.

आणि मिक्सरवर प्लास्टिक घाला. "उदो" म्हणताना भंडारा उधळतात. गेल्या वेळी तो माझ्या मिक्सरच्या सगळ्या खटक्यांत गेला. दोन बटणं अजून सरकताना करकरतात, आणि खाचेत हळद अजूनही दिसते.