पडत्या बाजारात घर घेताय? या चुका टाळा

सगळे हात आखडून बसलेले असताना घर घेणं, यात मला धाडसापेक्षा शहाणपण जास्त दिसतं. तेजीत विकणारा तुम्हाला कागद दोन दिवससुद्धा नीट वाचू देत नाही. मंदीत दोन महिने देतो. मध्यमवर्गीय ग्राहकाच्या हाती एवढं एकच बळ असतं, आणि बहुतेक जण नेमकं तेच घाईत घालवतात.

आधी मंदी ओळखण्यातली चूक. मुंबई-पुण्यात 2013च्या आसपास मागणी थंडावली. मग नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी आली, मे 2017 मध्ये रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, पूर्णपणे लागू झाला, सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्तसंस्थेने देणी थकवली आणि बिल्डरांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचीच कोंडी झाली. एवढं होऊनही बहुतेक भागांत भाव कोसळले नाहीत, वर्षानुवर्षं तिथेच रेंगाळले. ‘आता तळ गाठला’ म्हणून 2014 साली घेणाऱ्या अनेकांना 2020 उजाडलं तरी फारसा फायदा दिसत नव्हता, हप्ते मात्र चालूच होते. या शहरांत वर्षाचं घरभाडं किमतीच्या अगदी थोड्या टक्क्यांइतकंच असतं. म्हणजे भाड्यातून हप्ता निघत नाही, उरलेला भार पगारातून उचलावा लागतो. हा भार पाच-सात वर्षं पेलणार असेल तरच पुढे जा.

हिशोब करताना आजचा व्याजदर कायमचा धरू नका. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर हलला की गृहकर्जाचं व्याजही हलतं. मे 2020 पासून दोन वर्षं हा दर 4 टक्के होता. फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.50 वर गेला. 20 वर्षांच्या 50 लाखांच्या कर्जाचा हप्ता 6.75 टक्क्यांनी सुमारे 38 हजार होतो, 9 टक्क्यांनी 45 हजार.

‘सूट’ कशावर मोजता?

मागितलेल्या भावावर मिळालेली सूट ही सूट नव्हेच. त्याच इमारतीत गेल्या वर्षभरात कितीला व्यवहार नोंदले गेले ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) काढून बघा आणि बोलणी त्या आकड्यापासून सुरू करा. मंदीतही बिल्डर शक्यतो दर उघडपणे उतरवत नाही. उतरवला तर जुने ग्राहक भांडायला येतात. त्याऐवजी तो मॉड्युलर किचन देतो, पार्किंग देतो, मुद्रांक शुल्क स्वतः भरतो. या प्रत्येक गोष्टीचे पैसे करा आणि तेवढी किंमत करारातच कमी करून मागा.

रेडी रेकनरच्या खाली घेतलं तर

ही चूक हुशार माणसंच करतात, कारण घासाघीस त्यांनाच जमते. रेडी रेकनर म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेले दर. समजा त्यानुसार 92 लाख मूल्याचा फ्लॅट तुम्ही 78 लाखांना मिळवला. मुद्रांक शुल्क 92 लाखांवरच भरावं लागेल. शिवाय सरकारी मूल्य तुमच्या किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त असेल, तर मधला पूर्ण फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरला जातो. इथे तो 14 लाख आहे. प्राप्तिकराच्या 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह सुमारे 4 लाख 37 हजार रुपये कर. घासाघीशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा असा जातो. म्हणून विसार देण्याआधी रेडी रेकनरचा दर काढा. घर खरोखरच तेवढ्या किमतीचं नसेल तर मूल्यांकनाला हरकत घेता येते. मान्यताप्राप्त मूल्यमापकाचा अहवाल खरेदीच्या वेळीच करून ठेवा.

अर्धवट इमारत आणि आगाऊ पैसे

रोकड आटलेला बिल्डर हमखास एक प्रस्ताव ठेवतो: निम्मी रक्कम आत्ता द्या, दरात भरघोस सवलत घ्या. करारनामा नोंदवण्याआधी 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायला रेरा कायद्याने बंदी आहे, त्यामुळे अशी मागणी हीच धोक्याची घंटा समजा. महारेराच्या (महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची मुदत कितीदा वाढली, किती फ्लॅट विकले गेले, जमिनीवर कोणाचा बोजा आहे, खटले किती आहेत, हे सगळं दिसतं. मंदीत गुंतवणूक म्हणून घेत असाल तर माझं मत ठाम आहे: भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा सरकारी दाखला, मिळालेलं घरच घ्या. दर थोडा चढा पडला तरी चालेल.

बँकेच्या लिलावातलं घर

कर्ज थकल्याने बँकेने विकायला काढलेल्या घराची राखीव (किमान) किंमत जाहिरातीत बघून जीव हरखतो. खाली ‘जसे आहे, जेथे आहे’ लिहिलेलं असतं. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, वीजबिल हे सगळं अनेकदा तुमच्या गळ्यात येतं, म्हणून बोली लावण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला प्रत्यक्ष भेटा. नोटिशीत ताबा ‘प्रतीकात्मक’, म्हणजे फक्त कागदोपत्री, असेल तर आत अजून कर्जदार राहतो आहे, असं धरून चाला. त्याने कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागितली आहे का, हेही वकिलाकडून तपासा. बोली लागली की 25 टक्के त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, आणि उरलेले 15 दिवसांत भरावे लागतात. मुदतवाढ बँकेच्या मान्यतेवर असते. कर्ज मंजूर नसताना बोली लावून पुढे रक्कम उभी राहिली नाही, तर भरलेले पैसे जप्त होतात.

पैसे आधीच अडकले असतील तर

ताबा लांबला असेल तर महारेराकडे दोन वाटा आहेत: घर हवं असल्यास विलंबाचं दरमहा व्याज, नको असल्यास व्याजासह परतावा. आदेश मिळूनही बिल्डरने पैसे दिले नाहीत, तर वसुली वॉरंटसाठी अर्ज करा. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि तिथे पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. कंपनी दिवाळखोरीत गेली असेल तर 2018 पासून घरखरेदीदार बँकांसारखेच वित्तीय धनको (कंपनीला पैसे दिलेले देणेकरी) मानले जातात. जाहीर नोटिशीतली मुदत बघा आणि घरखरेदीदारांसाठीचा दाव्याचा अर्ज, फॉर्म सीए, भरून दावा दाखल करा. करारनामा, पैसे भरल्याच्या पावत्या आणि बँकेचे उतारे सोबत जोडा, आणि पोच मिळाल्याशिवाय ते काम झालं असं समजू नका.